चार बोल्टांचं चाक

नानाखेड्याच्या कॉलनीत अलकाताई पागनीसांना लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एकतर त्यांनी पॉलिटेक्निकमध्ये एकतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं होतं, आणि कॉलनीतल्या निम्म्या इंजिनिअरांच्या शीटवर त्यांची लाल पेन्सिल फिरलेली होती. शिवाय त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कधीच नसे. तिथे एखादा पंप, एखादं इंजिन, एखादा पूल अर्धवट उभा असे. त्यांचे यजमान प्रभाकरराव बँकेतून निवृत्त झाले होते. ते ताट मांडीवर घेऊन जेवत आणि आल्यागेल्याला सांगत, "हमारे यहां टेबलवर फक्त लोखंड शिजतं."

यंदा दिवाळीपासून त्या टेबलावर एक चिलखती गाडी होती. खरीच्या सोळाव्या हिश्शाची, प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून जोडलेली, वीतभर लांब.

गाडीची मागणी भय्यासाहेबांची, म्हणजे प्रभाकररावांच्या थोरल्या भावाची. पागनीस घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दरबारची लिखापढी झाली होती. फौजेत जाऊन लढलेले भय्यासाहेबच पहिले. एकाहत्तरच्या लढाईत ते अशीच गाडी चालवत होते. धाकटा भाऊ भाजी आणायला गेल्याचं बघून ते एका दुपारी आले आणि पाकिटातून एक जुना फोटो काढून अलकाताईंपुढे ठेवला.

"अलका, ही गाडी करून दे. फोटोत आहे तशीच. मनाने काही घालू नकोस."

फोटो पोस्टकार्डाहून लहान होता. गाडी समोरून, जराशी तिरपी दिसत होती. नंबरावर चिखल फासलेला. पुढे दोन जण उभे होते. एक तरणेबांड भय्यासाहेब आणि दुसरे त्यांच्या गाडीचे म्होरके, दफेदार शिंगाडे.

"हे गेले ना लढाईत?" अलकाताईंनी विचारलं.

"गाडीतच गेले." भय्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला, पण परत घातला नाही. "रस्ता खचला आणि गाडी डाव्या कुशीवर पडली. वरचं झाकण बांधाला टेकलं. मी माझ्या पुढच्या खिडकीतून निसटलो. दफेदार मागच्या बाजूला अडकले. त्यांना काढायला एकच दार उरलं होतं, उजव्या कुशीतलं. ते आतून ठोकत होते."

अलकाताईंनी फोटो जवळ ओढला.

"त्या दारावर स्टेपनी होती. वर्कशॉपने मागची जागा पेट्रोलच्या डब्यांना दिली आणि स्टेपनी दारावर बसवली. चार बोल्ट. हाताने हलेनात. मी मागच्या गाडीकडे पान्हा आणायला धावलो. परत येईतो आमच्या गाडीने पेट घेतला होता. अक्कांना मी हेच सांगितलं."

अक्का म्हणजे दफेदारांची बायको. त्या कराडकडच्या एका गावी राहत. भय्यासाहेब दर भाऊबीजेला त्यांना आधी पत्र पाठवत, पुढे फोन करू लागले. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपासून तो फोन बंद झाला होता. त्याचं कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तीन वर्षांपूर्वी एका सोबत्याच्या मुलाने हा फोटो पाठवला," भय्यासाहेब म्हणाले. "नीट बघ. स्टेपनी डाव्या कुशीला आहे. म्हणजे उजवं दार मोकळं होतं. मला फक्त बाहेरची कडी ओढायची होती. मी पान्हा आणायला गेलो नव्हतो, अलका. मी पळालो होतो, आणि पन्नास वर्षं त्या बाईला खोटं सांगत आलो."

"आठवण काय म्हणते तुमची?"

"आठवणीवर आता भरवसा नाही. तुझ्या मापावर आहे. गाडी हातात आली की हाताला कळेल. प्रभाकरला मात्र यातलं काही सांगू नकोस."

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. उजवा डोळा गेल्यातच जमा होता आणि डाव्यावर इंदूरला ऑपरेशन ठरत होतं. डॉक्टरांनी कसलीच खात्री दिली नव्हती. उरलेली नजर शाबूत आहे तोवर त्यांना ती गाडी बघायची होती.

अलकाताईंनी फ्रीगंजच्या स्टुडिओत फोटो मोठा करून घेतला आणि माणसांच्या उंचीवरून गाडीची मापं काढली. पत्रे कापले, कडा घासल्या, सुईच्या टोकाएवढे बोल्ट एकेक करून चिकटवले. काम करताना मनात एकच विचार असे. डाव्या कुशीला काहीतरी आड यावं, एखादी नळी, एखादा आकडा, म्हणजे स्टेपनी तिथे बसूच शकत नव्हती असं ठामपणे सांगता येईल. त्यांनी तीनदा मोजलं. स्टेपनी डावीकडे बसत होती आणि उजवीकडेही तितकीच नीट बसत होती. शेवटी फोटोत होती तशी त्यांनी ती डाव्या कुशीला चिकटवली आणि तो दिवसभर त्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत.

ऑपरेशनची तारीख आली, शुक्रवारची. गुरुवारी सकाळी भय्यासाहेब येणार होते. मंगळवारी दुपारी गाडीवर हिरव्या रंगाचा दुसरा हात होऊन क्षिप्रेच्या काठची माती फडक्यातून चाळून चाकांना लावूनही झाली होती. गाडीशेजारी उभी करायची भय्यासाहेबांची बोटभर मूर्ती तेवढी रंगवायची राहिली होती. मूर्ती पुट्टीची होती. शर्टाची पट्टी, खिसे, कॉलर, सगळं त्यांनी फोटोत बघून कोरलं होतं.

प्रभाकरराव चहाचे कप घेऊन आले आणि भिंगातून मूर्ती न्याहाळू लागले.

"वा मॅडम. आमच्या दादाला लेडीज शर्ट घातलात."

"काय?"

"बटणं उलट्या बाजूला आहेत ना. घरी शिलाईचं मशीन होतं, काजं मी केलीत लहानपणी. मर्दाची डावी पट्टी वर येते. दादा बघेल तर म्हणेल, शहीद नाही झालो पण इज्जत गेली."

अलकाताईंनी ब्रश खाली ठेवला. त्या हसल्या नाहीत तसे प्रभाकरराव म्हणाले, "अगं, मजाक केला. बोटभर बाहुलीची बटणं कोण बघतंय?"

अलकाताई मोठा केलेला फोटो घेऊन खिडकीपाशी गेल्या. मूर्ती फोटोबरहुकूम होती. फोटोतच भय्यासाहेबांच्या शर्टाची उजवी पट्टी वर होती. दफेदारांचीही. दोघांचे शर्ट बायकी कसे असतील? फोटोच्या भोवती तीन महिने घालवूनही त्यांची नजर स्टेपनीवरून हलली नव्हती, आणि भय्यासाहेबांची तर तीन वर्षं.

भैरवगढला त्या दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन जात. तिथे कापडछपाईचे ठप्पे कोरणारे कारागीर आधी नक्षीचा कागद पालथा घालतात आणि मग लाकडावर उतरवतात, कारण छापल्यावर सगळं उलटं होतं. निगेटिव्ह पालथी ठेवून छापली तर फोटोचंही तेच होतं.

त्यांचा हात हत्यारांच्या डब्याकडे गेला. मग त्या स्वतःवरच चिडल्या. हवं ते दिसायला लागलं, की माप घेणाऱ्याने दोनदा थांबायचं, हे त्यांनीच हजार मुलांना सांगितलं होतं. एका बटणावर एका माणसाचं आयुष्य तोलायचं नाही.

"अहो, फौजेत पदकांच्या फिती कुठल्या छातीवर लावतात?"

"डाव्या. तो काय दादाचा फोटो भिंतीवर."

भिंतीवरच्या फोटोत भय्यासाहेब गणवेशात होते आणि फिती डाव्या छातीवर होत्या. हातातल्या फोटोत दफेदारांच्या फिती उजव्या छातीवर होत्या. अलकाताईंनी ट्रेसिंग पेपर टाकून फोटो गिरवला आणि कागद पालथा केला. फिती डावीकडे आल्या. बटणं जागेवर आली. स्टेपनी उजव्या कुशीला, दारावर आली.

त्यांनी बारीक करवत उचलली.

"आता काय?" प्रभाकरराव म्हणाले. "झालेलं काम मोडतेस? परवा दादा येतोय."

"मोडत नाहीये. जागेवर लावतेय."

ते सोपं नव्हतं. प्लास्टिकच्या गोंदाने पत्रा पत्र्यात विरघळून एकजीव होतो. जरा जोर झाला तर सगळी कूस तडकली असती आणि नवी करायला वेळ नव्हता. करवतीचं पातं केसाएवढ्या फटीतून पुढेमागे करत त्या पाऊण तास वाकून बसल्या. प्रभाकरराव दिव्याची मान धरून उभे राहिले. एकदा पातं निसटलं आणि डाव्या दाराच्या रंगावर लांब ओरखडा उठला. अखेर स्टेपनी हातात आली, आख्खी.

बुधवारभर ओरखडा भरणं, घासणं, रंगवणं चाललं. उजव्या दारावर स्टेपनी बसली. तिचे चार बोल्ट त्यांनी नवे केले.

गुरुवारी सकाळी भय्यासाहेब काळा चष्मा लावून आले. अलकाताईंनी त्यांना टेबलाशी बसवलं आणि काही न सांगता गाडी पुढे ठेवली. आधी हाताला कळू दे, असं त्यांनी ठरवलं होतं.

भय्यासाहेबांची बोटं आधी पुढच्या खिडकीवर गेली, मग वरच्या झाकणावर. मग डाव्या कुशीवर आली. तिथे सपाट दार होतं. बोटं थबकली. सावकाश उजवीकडे गेली, आणि चाकाला लागताच त्यांनी हात मागे घेतला.

"फोटोप्रमाणे केली नाहीस."

"केलीय, भय्यासाहेब."

"अलका, माझं मन राखू नकोस." आवाज अगदी हळू होता. "दया करणारी माणसं घरात पुष्कळ आहेत. मी तुझ्याकडे मापासाठी आलो होतो."

अलकाताईंचा चेहरा उतरला. त्या काय सांगणार होत्या ते आता सारवासारवीसारखंच वाटलं असतं. त्यांनी हाक मारली, "अहो, मंगळवारी तुम्ही काय म्हणालात ते यांना सांगा."

प्रभाकरराव दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. "मी? कुठे काय म्हणालो? एवढंच, की तिने तुला लेडीज शर्ट घातला, दादा. बटणं उलटी होती. का, काय झालं?"

"तुला हे कुणी सांगायला सांगितलं?"

"कोण सांगेल? मला दिसलं. तुला राग आला का?"

भय्यासाहेबांनी हात पुढे केला. अलकाताईंनी त्यात मोठा केलेला फोटो आणि भिंग दिलं. "आधी बटणं बघा. मग दफेदारांच्या फिती."

भय्यासाहेबांनी काळा चष्मा काढला आणि कागद डाव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवला. भिंग पुढेमागे होत राहिलं. मध्येच त्यांनी स्वतःच्या शर्टाची पट्टी चाचपली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. प्रभाकररावांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि अलकाताईंकडे बघून मिटलं.

"उलटा छापलाय," शेवटी भय्यासाहेब म्हणाले. "फिती दफेदार कधी उजवीकडे लावतील? पहाटे पाचला आमच्या फिती तपासायचे ते."

त्यांनी गाडी उचलली आणि स्वतःच ती टेबलावर डाव्या कुशीवर आडवी केली. स्टेपनी वर आली. त्यांनी तिच्यावर तळवा ठेवला, मग नखाने एकेक बोल्ट फिरवायचा प्रयत्न केला. चारही बोल्ट झाले.

"हलत नाहीत," ते म्हणाले.

"नाही हलत," अलकाताई म्हणाल्या.

तळवा पुन्हा स्टेपनीवर टेकला. मग भय्यासाहेबांनी मान वर केली. "प्रभाकर, माझ्या फोनमधून अक्कांचा नंबर काढ. कराडच्या."

प्रभाकररावांनी नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. चार-पाचदा घंटा वाजली. मग एक थकलेला, चढा आवाज आला.

"तीन भाऊबिजा झाल्या. कुठं होतास रं?"

"इथंच होतो, अक्का. उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याच्याआधी तुला एक सांगायचंय. सगळं पहिल्यापासून सांगतो, ऐकशील?"

"बोल की. मी कुठं जातीया."

भय्यासाहेब बोलू लागले. एक हात स्टेपनीवर तसाच होता. उजव्या कुशीचा रंग अजून पुरता वाळला नव्हता आणि त्यांच्या बोटांना हिरवं लागत होतं. अलकाताईंना ते दिसलं. चाकावर ठसे उमटत होते, काम परत करावं लागणार होतं. पण त्यांनी भय्यासाहेबांना थांबवलं नाही.