बारा किलोंनी केलेली बदनामी

मी भरपूर प्यायचो तेव्हा लोक मला तब्येतदार म्हणायचे; पिणं कमी केलं आणि दारुडा म्हणून माझं नाव झालं.

नांदेडच्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क. तेव्हा वजन अठ्ठ्याण्णव किलो. बुधवारी आणि शनिवारी (आणि मधे कुणाचा वाढदिवस निघाला तर तेव्हाही!) ऑफिसातल्या मारोतरावांच्या गच्चीवर आमची बैठक. मग एकदा डॉक्टरांनी माझी सोनोग्राफी बघितली आणि माझ्याशी न बोलता थेट बायकोशी बोलले. घरी पोचेपर्यंत सुनंदानं कायदा करून टाकला : महिन्यातून एकदा, दोन पेग, तेही घरी, तिच्यासमोर! (तिच्यासमोर पिऊन बघा. औषध घेतल्यासारखं वाटतं.)

सहा महिन्यांत बारा किलो उतरले. पोटाबरोबर गालही गेले. पण खरं सांगू? आनंद काही होईना. शनिवारी सहा वाजले की जीव त्या गच्चीकडे ओढायचा. ते फुटाणे, तो लिंबू पिळलेला कांदा, मारोतरावांनी शंभरदा सांगितलेला स्वतःच्या लग्नातला किस्सा! मी बाल्कनीत ताक घेऊन बसायचो आणि ग्लास गोल गोल फिरवायचो. ताकात बर्फ नव्हता, पण हाताला कोण सांगणार?

अशात आमच्या पूजाला चाकूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, पूजालाही पसंत. आणि बघण्याच्या आदल्या दिवशी मेव्हण्याचा फोन.

"दाजी, घोळ झाला! पाव्हण्यांनी चौकशी केली. तुमच्या गल्लीतलं कुणीतरी बोललं, पोरीचा बाप पिऊन पिऊन खंगलाय, फार दिवसांचा न्हाई म्हणून!"

"अरे, मी पिणं कमी करून राहिलो, म्हणून बारीक झालो!"

"हे कोण मानंल, दाजी?"

पूजाचा चेहरा उतरला. सुनंदानं मात्र तोडगा काढला. "उद्या तुमी जाड दिसायचं!"

झालं! एप्रिलचा महिना, नांदेडचं ऊन, आणि मी आत दोन बनियन, त्यावर लोकरीचा स्वेटर, त्यावर सफारी! खाली अठ्ठ्याण्णव किलोच्या काळातली पँट. पाव्हणे आले. मुलाचे वडील आबाराव समोर बसले. पाच मिनिटांत माझ्या कपाळावरून धारा लागल्या. चहाचा कप धरला तर घामाचा थेंब थेट बशीत! आबारावांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं मुलाकडे बघितलं. मुलानं छताकडे!

"तब्येत बरी हाय ना?" आबाराव हळूच म्हणाले.

"एकदम ठणठणीत!" असं म्हणून मी ताडकन उठलो. मी उठलो, पँट उठली नाही.

मी पँट पकडायला वाकलो, तर सफारीचं बटण तुटलं आणि आतून निळा स्वेटर बाहेर! पाठीमागे उभ्या पूजाला हसू फुटलं. हसता हसताच ती म्हणाली, "काका, पप्पा आजारी न्हाईत हो! दारू कमी केली म्हणून वजन उतरलंय. तुमाला भरलेले दिसावेत म्हणून स्वेटर घातलाय!"

आबारावांनी आधी स्वेटरकडे बघितलं. मग असे हसले, की त्यांच्या बशीतला चहा सांडला. "पोरीसाठी एप्रिलात स्वेटर घालतो तो बाप! आमाला हे घर पसंत हाय!"

पेढे वाटले गेले. सगळे गडबडीत असताना आबाराव माझ्या कानाशी आले. "व्याही, गाडीत एक बाटली हाय. तुमाला चालतं ना थोडं? संध्याकाळी दोघंच बसू. फुटाणेबी आणलेत."

फुटाणेबी! मी वर बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा उभी. नुसती उभी.

"न्हाई हो," मी म्हणालो, "माझं या महिन्याचं झालंय." आणि डोळे भरून आले.

पूजा धावत आली, गळ्यात पडली. "पप्पा, रडू नका ना! चाकूर काय लांब न्हाई!"

मी नुसती मान हलवली. बाप कशासाठी रडून राहिलाय, हे त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगू!