मयताची घंटा आणि हातातला फोन

बायको होती तोवर जगाची बातमी मला आयती मिळायची. मी चौथीत शाळा सोडली, अक्षर अक्षर लावत वाचतो. ती सातवी शिकलेली. दुपारी मी केळीच्या पानांच्या जुड्या बांधायचो आणि ती पेपर मोठ्यानं वाचायची. अर्धा गाळायची. विचारलं तर म्हणायची, "ते मेले कुठं भांडतात ते तुम्हाला कशाला? विहिरीचा पंप बघा आधी."

पण चर्चची घंटा थांबून थांबून वाजली, म्हणजे गावात कोणी गेलं, की पेपर बाजूला. हातातलं काम ठेवायचं, प्रार्थना पुटपुटायची आणि रस्त्यावर जाऊन येणाऱ्याला विचारायचं, कोण गेलं? आमच्या गिरीज गावातली ही जुनी रीत. घटकाभरात गावाला कळायचं.

ती गेली. मुलानं मोठा फोन आणून दिला. "पप्पा, घरात बसून असता. जगात काय चाललंय ते तरी कळेल."

कळलं की. गावाचा ग्रुप, वाडीवाल्यांचा ग्रुप, चर्चचा ग्रुप. कुठं बॉम्ब पडला, कोण पुढारी कुणाकडे पळाला, कोमट पाण्यात लिंबू पिळलं की कुठले आजार जातात. सकाळी फुलं, दुपारी शिव्या, आणि शिव्या देणाराच संध्याकाळी येशूचं चित्र पाठवणार. घरासमोरचं गटार कुठं तुंबलंय ते ज्यांना ठाऊक नाही, ते मला लढाईचे डावपेच शिकवू लागले. आणि मी शहाणा, शिकत बसलो.

उपवासकाळात एका सकाळी घंटा वाजली. मी ओट्यावर रणगाडे बघत होतो. उठलो नाही. म्हटलं, ग्रुपवर येईलच. खरं सांगायचं तर बायकोसाठी वाजली तेव्हापासून ती घंटा मला ऐकवत नाही. फोनचं निमित्त बरं होतं.

ग्रुपवर आलंही होतं, फोटोसकट. त्यावर हात जोडलेली चित्रं, त्यावर कुणाचं तरी भाषण, त्यावर आणखी रणगाडे. मला दिसलं दुसऱ्या दिवशी.

गेला होता तो माझा जुना सोबती, आमच्या केळीच्या वाडीच्या पलीकडची वाडी त्याची. एका विहिरीवर पाळीपाळीनं पाणी घेत आम्ही म्हातारे झालो. बायकोला माती द्यायला माझा हात उठेना, तेव्हा त्यानंच माझ्या मुठीत माती भरली होती. म्हणाला, "टाक रे, खोळंबलीय ती." आणि त्याला माती द्यायला मी नव्हतो. बोलवायला कोणी आलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं, ग्रुपवर टाकलंय, कळलं असेल.

त्याच्या घरी गेलो. त्याची बायको म्हणाली, "पेटी झाकायला आले तेव्हा मी थांबवलं त्यांना, भावजी. वाटलं, येतच असाल. आजारी होतात?"

"नाही. फोन बघत होतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग? जग बरं आहे ना?"

चहा दिला तिनं, तो प्यायलो आणि आलो.

परवा परत घंटा वाजली. फोन तांदळाच्या डब्यात टाकला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. शेजारचा मास्तर स्कूटरवरून आला. "कुणाची वाट बघताय, काका?"

"कोण गेलं ते विचारायला उभा आहे."

"ग्रुपवर येईल ना."

"तुला ठाऊक आहे कोण गेलं?"

"नाही अजून."

"मग गाडी बंद कर आणि उभा राहा."