वाटेचं पुस्तक

हे आजवर माझ्या तोंडून कुणीच ऐकलेलं नाही. आज बोलते. अडखळेन — पण पुरतं सांगितल्याशिवाय उठणार नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कोर्ट मोठं झालं, पण वकिलांच्या खोलीतलं कपाट रिकामंच. निकालांची जाडजूड पुस्तकं, सगळे भाग असलेली, ती फक्त आमच्या साहेबांकडं. आमच्या म्हणजे — मी त्यांच्या घरी राहून स्वयंपाक करायची, पुस्तकांवरची धूळ झटकायची. नायगावकडून आलेली, नवऱ्यानं टाकलेली बाई. घरी पाणी लांबून आणायचं, म्हणून सातवीतच शाळा सुटलेली. साहेबांनी जात न विचारता घरात घेतलं. हे उपकार विसरू का?

साहेबांचा एक दंडक होता. समोरच्या वकिलानं पुस्तक मागितलं, तर द्यायचं.

त्या साली दुष्काळ. एका शेतमालकानं बौद्धवाड्यातल्या बायांची विहिरीकडं जायची वाट बाभळीच्या काट्या लावून बंद केली. साहेब त्या मालकाचे वकील. जेवताना ते बाईसाहेबांना सांगत होते — विलायतेतल्या कोर्टानं असल्याच पायवाटेवर निकाल दिलाय, खाली आपल्याकडच्या जाणत्यानं टीपही लिहिलीय. पिढ्यान् पिढ्या उघड चालत आलेली वाट मालकाला मनाला येईल तशी अडवता येत नाही. "त्या बायांच्या पोरसवदा वकिलाला हे सापडलं तर आपलं काही खरं नाही. हा मालक हातचा गेला, की त्याच्या भावकीची सगळी कामं गेली." अन् साहेब हसले. मला कुठलं हसू? हात आखडायची वेळ आली तर या घरातून आधी कोण जाईल?

तारखेच्या सकाळी साहेब औरंगाबादला गेलेले. काम त्यांचा ज्युनियर बघणार होता. दारात एक बाई आली, गयाबाई. वाटेचा दावा तिच्याच नावावर. सोबत दप्तर अडकवलेली लेक. वकिलानं चिठ्ठीवर पुस्तकाचा नंबर लिहून दिलेला.

"जयभीम, बाय. येवढं बुक दे गं. दुपारपस्तोर आणून देते."

जयभीम माझ्याही घरचं. मी नुसती मान हलवली. अन् म्हणाले — म्हणाले कसली, खोटं बोलले — "ते न्हाई इथं."

पोरगी तवर काचेआडच्या पुस्तकांवरचे आकडे वाचत होती. ओठ हलत होते. एकेक पुस्तक पुढं सरकत होती. ते पुस्तक तिच्या नजरेच्या अगदी जवळ आलेलं. मी काय केलं? तिच्या अन् कपाटाच्या मधी जाऊन उभी राहिले.

"बघू दे की. लई नाद हाय तिला वाचायचा," गयाबाई म्हणाली.

त्यांना तिथून हलवायचं होतं. मी म्हणाले, "उन्हातनं आलाव. बाहेर बसा, पाणी देते." दोघींना ओट्यावर काढलं. माठातनं तांब्या भरून दिला. दोघी घटाघटा प्याल्या.

कोर्टात गयाबाईच्या वकिलानं तो विलायतेतला निकाल तोंडी सांगितला. पुस्तक कुठंय, म्हणून विचारणा झाली. नव्हतं. वाट उघडायचा हुकूम मिळाला नाही.

पुढच्या तारखेला मी साहेबांचा डबा घेऊन गेले, तर कोर्टाच्या आवारात लिंबाखाली गयाबाई. एकटीच. पोरगी कुठाय — का विचारलं मी?

"पाण्याला. नाल्याच्या फेऱ्यानं जावं लागतं, दोघींबिगर भागत न्हाई. शाळेतनं काढली तिला." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू त्या दिशी न मागता पाणी दिलं बग. याद हाय मला."

मी डबा घेऊन आत गेले.

खोटं बोल म्हणून साहेबांनी सांगितलं नव्हतं. मालकानंही नाही. साहेब घरी असते तर त्यांनी पुस्तक काढून गयाबाईच्या हातात दिलं असतं. त्यांना आजवर यातलं काही ठाऊक नाही.

त्या पोरीला शाळेतनं काढलं, ते मी.