ओट्यावरचे सासरे

शनिशिंगणापूरहून नगरला जाताना एसटीत शेजारच्या बाईने मोबाईलवर एकच व्हिडिओ इतक्यांदा पाहिला, की स्क्रीनला भोक पडायचंच बाकी होतं. मीही मान जिराफाएवढी लांब केली. बिनदाराचं घर, ओट्यावर एक म्हातारा. त्याचा हात काठीकडे गेला, की बाई घाईघाईने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायची.

"कोण हो, ताई?"

"सासरे. इसरभोळे झाल्यात. उठले की कुठंबी निघत्यात, अन् आमच्या गावात घराला दार न्हाई."

"हे आत्ताचं दिसतंय?"

"न्हाई दादा, निघताना काढलंय."

"मग बघून काय उपयोग?" मी अक्कल पाजळली.

"यात अजून बसल्यात ना."

नगर येईपर्यंत मग आम्ही दोघंही म्हाताऱ्यावर नजर ठेवून होतो.