एका खड्ड्यात दोन झाडं

माझी दोमितिला आत्या कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. उतारावरच्या मक्याच्या रानात ती नाताळची झाडं लावणार म्हटल्यावर आतोबा फिदेन्सिओ आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. आमच्या आमेकामेका गावाकडे मका विकत आणून खाणाऱ्या शेतकऱ्याची लोक कीव करतात.

ही रोपं कशी लावायची ते शिकवायला एक बाई आल्या होत्या, तेव्हा आत्या चुलीपाशी मक्याच्या पिठाचे तमाल वाफवत बसली. "मी काय आज पहिल्यांदा माती बघतेय?" मग मका टोकतात तशीच तिनं रोपं लावली, एका खड्ड्यात दोन. एक आपलं, एक उंदराचं. आणि दैव बघा, उंदरांनी एकालाही तोंड लावलं नाही.

काही वर्षांत झाडं माणसाच्या उंचीच्या वर गेली. पण जोडीतलं प्रत्येक झाड बाहेरून डेरेदार आणि जोडीदाराकडच्या अंगाला सपाट, उघडंबोडकं. शेजारची चोना हसून बेजार. "दोमितिला, अर्ध्या झाडाला नाताळही अर्धाच का गं?"

आतोबा एवढंच म्हणाले, "या डिसेंबरात खपली तर खपली. नाहीतर उपटून मका."

आत्या वरवर हसायची, पण तिची झोप उडाली होती. दर पावसाळ्यात कोयत्यानं छाटून तिनं ती झाडं वाढवली होती. तिचा त्यांच्यावर जीव होता.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शहरातून गाड्या आल्या. लोक करवत घेऊन रानात शिरायचे, झाडाभोवती चक्कर मारायचे आणि सपाट बाजू दिसली की शेजारच्या मळ्याकडे वळायचे. दुपारपर्यंत फक्त फळं उकळून केलेल्या गरम पोंचेचं पातेलं रिकामं झालं.

मग एक जोडपं आलं, सोबत बाईची आई. नवऱ्यानं सपाट बाजू चाचपली. "अगं, हे भिंतीला चिकटून बसेल."

"घ्या जावईबापू," म्हातारी म्हणाली. "गेल्या वर्षी झाडापायी मोरीकडे जायला मला सोफा ओलांडावा लागायचा."

जोडीतलं दुसरं झाड त्यांनी शेजारणीसाठी नेलं. पुढच्या शनिवारी लहान फ्लॅटवाल्यांची आमच्या फाटकाशी रांग लागली.

आतोबा सगळ्यांना सांगत फिरत होते, "खास फ्लॅटसाठी घडवलंय, साहेब. अवघड कला आहे."

"हो ना," आत्या म्हणाली, "आणि कलाकार तर मुळासकट उपटायला निघाले होते."

झाडं तोडून रिकाम्या झालेल्या जागी पुढं काय लावायचं, हे मात्र कुणी बोलेना. पेरणीचे दिवस आले. एका सकाळी आतोबा बाजारातून परतले ते खांद्यावर विकतच्या मक्याचं पोतं घेऊन, चोनाच्या दारावरून, भर दिवसा. पोतं त्यांनी चुलीपाशी टेकवलं.

"रान तुझ्या झाडांना राहू दे. खायचा मका मी आणत जाईन."

टोमणा मारायला आत्यानं तोंड उघडलं, आणि ती रडायलाच लागली.