टबाबाहेरचं बाळंतपण

"मुबारक हो, रिपोर्ट पॉझिटिव्ह है," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या आणि मला रडू कोसळलं. ते आनंदाचं नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मी पदराने नाक पुसत सरळ रिक्षा गाठली.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. अविनाश, माझा नवरा, लखनऊच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होता. आम्ही मूळचे सांगलीचे, राहायला लखनऊच्या महानगर नावाच्या भागात. मोठी मुक्ता माहेरी झाली, रीतीप्रमाणे. तिथल्या दवाखान्यात माझे पाय टेबलाला बांधले होते. एपिझिओटॉमी केली, म्हणजे बाळाला वाट व्हावी म्हणून छेद घेतला. टाके घालताना मी ओरडून सांगत होते की मला सगळं जाणवतंय. "सगळ्याच बायकांना दुखतं," एवढंच उत्तर मिळालं. टाके पिकले, ताप आला, आणि पुढे कितीतरी महिने मला धड बसता येत नव्हतं. मुलगी गोड होती, पण मी पार थकून गेले होते. त्या टेबलावर पुन्हा चढायचं नाही, इतकंच मला कळत होतं.

दिवस भरत आले तशी कंबर इतकी धरायची की बादलीभर कोमट पाणी अंगावर घेतलं तरच जीव थाऱ्यावर यायचा. हे मी डॉक्टर निगार यांना सहज सांगितलं. त्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. तरुणपणी विलायतेत काम केलेलं. "वॉटर बर्थ देखी है मैंने," त्या म्हणाल्या. म्हणजे कोमट पाण्यात बसून बाळंत होणं. मला ते ऐकताक्षणी पटलं. का पटलं ते विचारू नका, सांगता येणार नाही.

त्यांनी मात्र अटी घातल्या. बीपी, शुगर, सोनोग्राफी सगळं नॉर्मल हवं, बाळाचं डोकं खाली हवं, दारात गाडी उभी हवी आणि जवळच्या हॉस्पिटलला आधी कळवलेलं हवं. यातलं एक जरी बिघडलं तरी घरी करायचं नाही. तुम्हीही कुणी असा विचार करत असाल तर आधी या अटी वाचा, मग पुढचं.

टब कुठून आणणार? अविनाशने छतावर ठेवतात तसली काळी प्लास्टिकची टाकी आणली, वरून कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि त्यावर जुनी चादर शिवली. मग त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. रोज संध्याकाळी नळाला पाणी आलं की तो टाकी भरून बघायचा. किती वेळात गार होतं, किती बादल्या गरम ओतल्या की पुन्हा अंगाइतकं कोमट होतं, सगळी तालीम झाली. सासूबाई सांगलीहून आल्या आणि टाकी बघून कपाळाला हात लावून बसल्या. मुक्ता म्हणाली, "आई, पानी में तो मछली होती है, बेबी थोड़ी होता है!" घरात मराठी बोललं तरी ही हिंदीतच उत्तरं द्यायची. मी हसले, पण मला झोप येत नव्हती. आपण हट्टापायी पोराचा जीव धोक्यात घालतोय का, हा विचार पाठ सोडत नव्हता.

मार्चमध्ये एका सकाळी कळा सुरू झाल्या. मुक्ताला शेजारी पाठवलं. पाण्यात उतरले आणि खरंच सांगते, अर्धं दुखणं ओसरलं. डॉक्टर निगार मधूनमधून बाळाचे ठोके ऐकायच्या आणि मान हलवायच्या. अविनाश लॅबमधला थर्मामीटर बुडवून बसला होता.

दुपारी जोर द्यायची वेळ आली आणि मला अचानक ते पाणी नकोसं झालं. गुदमरायला लागलं. "मला बाहेर यायचंय," मी म्हणाले.

"पाणी अगदी बरोबर आहे गं," अविनाश थर्मामीटर बघत म्हणाला. "आता थोडक्यासाठी कशाला? एवढं सगळं केलं ते याच्यासाठीच ना?"

खरं होतं त्याचं. मलाही लाज वाटली. ज्या टाकीसाठी मी घरादाराशी भांडले, तिच्यातूनच पळायचं? पण अंग ऐकेना. मी डॉक्टरांकडे बघितलं.

"निकलना है तो निकलिए," त्या म्हणाल्या. "इसमें पूछना क्या?"

दोघांनी धरून मला गादीवर आणलं. डोकं बाहेर आलं आणि तिथेच अडलं. शोल्डर डिस्टोशिया, म्हणजे डोकं येतं पण खांदा हाडाला अडकतो. डॉक्टरांचा आवाज एकदम बदलला. "हाथों और घुटनों पर आइए, फ़ौरन." मी रांगत्या मुलासारखी झाले. त्यांनी हात घालून खांदा मोकळा केला. बाळ निळसर होतं, रडेना. त्यांनी पाठ चोळली, तोंड पुसलं. मग ते एकदाचं किरकिरलं, आणि अविनाश थर्मामीटर हातात धरून हमसाहमशी रडला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, पाण्यातच राहिले असते तर? "तो मैं ही खींचकर निकालती," त्या म्हणाल्या. "आपने बस थोड़ा वक़्त बचा दिया." म्हणून मी याला चमत्कार म्हणत नाही. पाण्यात बाळंत व्हा, असंही कुणाला सांगत नाही. पण आपण काही सांगितलं तर ते ऐकून घेईल, अशा माणसाच्या हाती पडा. तेवढं ज्यांनी मला दिलं, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

पाचवी झाल्यावर सासूबाईंनी मला न्हाऊ घातलं. बाळंतिणीचं पाणी कढतच हवं, त्यात गार पाण्याचं विसण नको, सोसवो न सोसवो, असा त्यांचा नेम. माझ्या जावांनी तो मुकाट्याने सोसला होता. पहिला तांब्या उचलून त्या थांबल्या.

"फार कढत वाटलं तर सांग हो," त्या म्हणाल्या. "आम्हाला कधी कुणी विचारलं नाही."

मी हात लावून बघितला. "थोडं विसण घाला, आई."

त्यांनी विसण घातलं.