अण्णांचं घायपात

आमच्या क्वार्टरमधली जुनी मंडळी जमली, की कुणीतरी अण्णांच्या घायपाताचा विषय काढतंच. मग काय, चहा थंड!

लातूरचा तेव्हा नुकताच जिल्हा झालेला. ऑफिस नवं, क्वार्टर नवे, साहेबसुद्धा नवे. नळाला पाणी तेवढं नव्हतं! अशा दुष्काळात झाडाचा नाद कुणाला? आमच्या हेडक्लार्क अण्णांना! रेणापूरच्या आपल्या बांधावरचं भलंमोठं काटेरी घायपात त्यांनी चक्क एसटीतून आणलं. कंडक्टर म्हणाला, "ह्याच्या बाजूला कोण बसंल? दोन सीटचं तिकीट काढा!"

अण्णांनी मुकाट काढलं. पण पुढं आठवडाभर आम्हाला तेच पुराण.

*

अण्णा-अक्कांना मूलबाळ नव्हतं. सगळा जीव त्या झाडावर. आम्हाला वाटायचं, बिचारं तहानलंय. म्हणून अण्णा ऑफिसात गेले, की जो तो भांडी धुतलेलं पाणी गुपचूप त्याला घालायचा. पानं पिवळी पडली, बुडखा मऊ झाला. अण्णांनी उपटून बघितलं तर मुळं सडलेली! ते कपाळावर हात मारून म्हणाले,

"अख्खा जिल्हा तहानेनं मरायलाय, अन् माझं झाड पाणी पिऊन मरायलंय!"

सडकं कापून, सावलीत वाळवून मुरमात लावलं, तेव्हा कुठं ते सावरलं.

*

शेजारच्या देशमुख वहिनींनी तर कोरफड समजून त्याचा गर तोंडाला चोपडला. तासाभरात तोंड टम्म! अक्का खोबरेल घेऊन धावल्या. अण्णा ओट्यावरूनच म्हणाले, "वैनी, ह्याचा दोर वळत्यात, क्रीम न्हाई!"

*

पुढं एका साली मधोमध दांडा निघाला, बघता बघता छताच्या वर गेला. आम्ही पेढे मागितले. पण अण्णा म्हणाले,

"एकदाच फुलतंय हे. फुललं की मरतंय."

असं म्हणून कोयता घेऊन दांडा तोडायला निघाले. अक्का आडव्या आल्या. "जल्मात एकदा नटायलंय, नटू द्या की!"

अण्णांनी कोयता खाली ठेवला. झाड फुललं, आणि वाळलं. अण्णा ढसाढसा रडले. आम्हालाही लई वाईट वाटलं.

*

अण्णा रिटायर होऊन रेणापूरला निघाले. आम्ही सगळे स्टँडवर. त्या वाळल्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं एक पिल्लू, अक्कांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, अण्णांच्या मांडीवर. आणि कंडक्टर नेमका तोच! लुगड्यातून काटा डोकावताना बघून म्हणाला, "अण्णा, ह्याचं तिकीट?"

"मांडीवरलं लेकरू हाय. त्याला तिकीट नसतंय!"

कंडक्टरनं एकदा पिल्लाकडं बघितलं, एकदा अण्णांकडं.

"मग खिडकी लावून घ्या की. वारं लागंल लेकराला!"